थंडी वाजत नाही म्हणे

नवी मुंबईतल्या थंडीवर माझा विश्वास नाही. ती आल्याचं वर्तमानपत्रं छापतात, टीव्हीवरची मुलगी हसत हसत सांगते, समोरच्या सावंतकाकू कानटोपी घालून दूध आणायला निघतात. पण मला स्वतःला पुरावा लागतो. माझा पुरावा म्हणजे न्हाणीघरातल्या फळीवरची खोबरेल तेलाची बाटली. यंदा मार्गशीर्षातल्या एका सकाळी ती हातावर उलटी केली, तर तेल आलंच नाही. उजेडाला धरून पाहिलं. आत सगळं पांढरट गोठलं होतं. बाटली दोनदा आपटून खात्री केली आणि मग मान्य केलं की आली. आनंद मात्र झाला नाही. कारण गेल्या वर्षापासून आमच्या घरात थंडी म्हणजे हुरडा नाही, तिळाचे लाडू नाहीत, गोधडीत उशिरापर्यंत लोळणं तर नाहीच नाही. थंडी म्हणजे डोंगरापलीकडच्या जुन्या दगडखाणीत साठलेलं पाणी, आणि त्या पाण्यात माझी मुलगी.

ऋतुजाला इंग्लिश खाडी पोहायची आहे. इंग्लंडच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरायचं आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावर बाहेर यायचं. मध्ये कशाला हात लावायचा नाही, अंगात साधा पोहण्याचा पोशाख, बस्स. अंतराचं तिला काही वाटत नाही. आमची लेक लहानपणापासून पाण्यातून बाहेर ये म्हणून ओरडा खायला सरावलेली आहे. प्रश्न थंडीचा होता. आपल्याकडचा समुद्र म्हणजे आंघोळीचं पाणी. त्यात वर्षभर डुंबलं तरी तिकडच्या पाण्याची तयारी होत नाही. तेव्हा गार पाणी शोधायला हवं, आणि त्यात तासन् तास राहण्याची शरीराला सवय लावायला हवी. हे तिने जेवताना सांगितलं तेव्हा तिच्या बाबांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "आपल्याकडं कुठं गं गार पाणी?" आणि मी विचारलं, "हे सगळं तुला सांगितलं कोणी?" आमच्या दोघांच्या स्वभावातला फरक एवढ्यात कळावा.

ऋतुजाचे बाबा साताऱ्याकडचे. वाशीच्या मार्केटला कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर उभं आयुष्य गेलं, तरी माणूस गोणीच्या तोंडावरचा कांदा बघून खूश होतो. मी बेलापूरला सरकारी कचेरीत अर्जांची छाननी करते. कागदावर काय लिहिलंय हे वाचण्याआधी मी तो उजेडाला धरते. घरातही तसंच. पाव किलो म्हणून आणलेली मिरची मी हातात तोलून बघते, फोनवर 'पोचलोच' म्हणणाऱ्याला मागे रस्त्याचा आवाज आहे का ते ऐकते. संशयी म्हणून सासरी-माहेरी माझं नाव झालेलं आहे आणि त्याचं मला फारसं काही वाटत नाही.

तिला हे सांगणारा निघाला जनूदादा. घणसोली गावातलाच. त्याचे आजोबा खाडीत मासे धरायचे, वडील कंपनीत लागले आणि हा पोरांना पोहायला शिकवतो. त्याने खाण दाखवली. डोंगराचा अर्धा भाग कापून नेलेला, तीन बाजूंनी सरळ उभा कातळ आणि मध्ये काळं-हिरवं पाणी. हिवाळ्यात ऊन त्या कातळावरून उतरता उतरता अर्धी सकाळ जाते, म्हणून पाणी गार राहतं. गावातले लोक म्हणतात, तिला तळ नाही. मी म्हटलं, तळ असतोच, फक्त त्यात काय पडलंय ते आपल्याला माहीत नसतं. पहिल्या दिवशी काठावर उभी राहून मी त्या पाण्याकडे इतका वेळ रोखून पाहिलं की जनूदादा म्हणाला, "ताई, पानी काय पलून नाय जानार."

मग त्याने आम्हा तिघांना समोर उभं करून विचारलं, "तुमच्या घरान सगल्यात कमी इश्वास कोन ठेवतं?"

बाप-लेकीने एकाच वेळी माझ्याकडे बोट केलं. मीही केलं.

"मंग काठावर तुमीच बसाचं," तो म्हणाला. "पोर बोलली, 'लय गार हाय', तर घाबराचं नाय. शिवी दिली तरी बरी हाय. पन मानूस आतून गारठला ना, का गोड बोलाला लागतो. डोकं चालत नाय, सगल्याला हो बोलतो. गोड बोलली का शिट्टी मारायची. मंग मी कोनाचा ऐकनार नाय, तिचा पन नाय."

माझ्या गळ्यात शिट्टी आली. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी टोमणे खाल्ले, तिला अखेर काम मिळालं, म्हणून मी मनातून सुखावलेही. पण हा माणूस आपल्याला कुठल्या जबाबदारीत अडकवतोय, हा विचारही त्याच क्षणी मनात आला.

त्या थंडीच्या पहाटा मला अंगावर नेसल्यासारख्या आठवतात. अंधारात स्कूटरवरून जाताना ठाणे-बेलापूर रस्त्यावर कंपन्यांचा वास खाली बसलेला असायचा, कधी कुजक्या अंड्यासारखा, कधी गोडसर. गोडसर असला की मला जास्त काळजी वाटायची. खाणीपाशी तो वास सुटायचा आणि ओल्या दगडाचा वास यायचा. ऋतुजा खांद्यांना, काखेत, मानेला व्हॅसलीन फासायची. तिचे खांदे त्या काळात एवढे रुंद झाले होते की माझ्या जुन्या ब्लाऊजची गोष्टच सोडा, तिच्या बाबांचा शर्टही शिवणीत ताणायचा. ती पाण्यात उतरायची तेव्हा कातळावरून तिचा श्वास दुप्पट मोठा होऊन ऐकू यायचा, पहिल्या काही क्षणांचा तो हुं हुं करून आत ओढलेला श्वास. मग हात सुरू व्हायचे आणि आवाज शांत होत जायचा. जनूदादा खाडीवरून आणलेल्या छोट्या होडीत तिच्यामागे, आणि मी काठावरच्या एका सपाट दगडावर गोणपाट टाकून बसलेली. पाण्याच्या कडेने एक धोबी पक्षी शेपूट वरखाली करत फिरायचा. तोही माझ्यावर नजर ठेवून असायचा अशी माझी समजूत आहे.

मी तिची बोटं बघायची. जनूदादाने शिकवलं होतं की गारठा चढला की पाणी कापणारी जुळलेली बोटं फाकतात आणि हाताचा पंजा होतो. अंधारात बोटं दिसत नाहीत, म्हणून मी हातांचे आवाज मोजायची. ठराविक वेळाने दोरी बांधलेली बाटली पाण्यात फेकायची. तिच्यात गुळाची कोमट पेज. ती उताणी होऊन पेज प्यायची आणि मी प्रश्न विचारायचे. नाव काय, राहतेस कुठे, बाबा काय करतात, आज वार कोणता. जीभ जड झाली, उत्तर चुकलं की समजायचं.

उत्तरं कधीच चुकत नव्हती. इथेच मला शंका आली.

घरी सरावाला बर्फाचं पिंप होतं. आमच्या इमारतीच्या गच्चीवर एक निळं प्लास्टिकचं पिंप, त्यात पाणी आणि बर्फ टाकून ऋतुजा मानेपर्यंत बसायची. बर्फाची लादी मासळी बाजाराजवळून यायची. पहिल्यांदा ती गोणपाटात गुंडाळून, दोन माणसांच्या खांद्यावरून, ठिबकत ठिबकत जिन्याने वर गेली तेव्हा सगळ्या मजल्यांचे दरवाजे हळूच किलकिले झाले. थोड्या वेळाने सावंतकाकू पदर तोंडाला लावून आमच्या दारात.

"कधी झालं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"काय कधी झालं?" मी म्हटलं.

"आता आमच्यापासून काय लपवायचं? बर्फ वर गेलेला बघितला मी. गावाकडून मंडळी यायची असतील ना?" आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. तेवढ्यात मागून ऋतुजाचे बाबा बनियनवर, तोंडात दात घासायचा ब्रश धरून आले. काकूंनी माझा हात असा सोडला की जणू मीच काही दगाफटका केला होता. "भाऊ, तुम्ही आहात होय," त्या म्हणाल्या, आणि मग जरा निराशच होऊन खाली गेल्या. त्यानंतरही लादी वर जाताना त्या दारात उभ्या राहून आमच्या घरातली माणसं मोजायच्या. मला त्यांचा राग आला नाही. मीही मोजलीच असती.

त्या पिंपात बसून ऋतुजा डोळे मिटून काहीतरी पुटपुटायची. मला वाटलं, मुलगी देवाचं नाव घेतेय. बाबांना तर भरूनच आलं. पण एका पहाटे खाणीवर मी प्रश्नांचा क्रम बदलला. आधी विचारलं, "बाबा काय करतात?" ती पेजेचा घोट घेऊन ठणठणीत आवाजात म्हणाली, "ऋतुजा." मी विचारलं, "वार कोणता?" ती म्हणाली, "घणसोली."

पोरीने उत्तरं पाठ केली होती. मेंदू बर्फ झाला तरी जीभ आपोआप चालेल, अशी व्यवस्था तिने गच्चीवर बसून करून ठेवली होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी इतिहासाची उत्तरं क्रमाने घोकत बसायची, तशीच. मी तिला तशी बसवायचे, हेही खरं. बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "हे कशाला केलंस?" तर टॉवेलात दातांचा कडकडाट करत म्हणाली, "तू मला बाहेर काढू नयेस म्हणून. आई, मला खरंच थंडी वाजत नाही. तू उगाच टेन्शन घेतेस."

थंडी वाजत नाही म्हणे. ओठ जांभळे, बोटं वळेनात म्हणून सदऱ्याची बटणं मी लावत होते.

तेव्हा मी प्रश्न विचारणं सोडून दिलं आणि दुसरा उपाय काढला. आमच्या मायलेकींचं एका गोष्टीवरून कायम वाजतं, ते म्हणजे कपडे. तिचा न वापरलेला कपडा दिसला की माझे हात शिवशिवतात, आणि दारावर बोहारीण आली की मी तो देऊन स्टीलचं भांडं घेते. तिने वर्षभर न घातलेला कुर्ता त्याच दिवशी तिला हवा असतो. तेव्हा पुढच्या खेपेला बाटली फेकून मी शांतपणे म्हटलं, "तुझी ती फाटकी जीन्स बोहारणीला दिली. मोदकपात्र आलं."

पाण्यात एकदम उसळी आली. "ती फाटकी नाहीये, ती तशीच असते! आई, तू ना..." पुढचं पाणी तोंडात गेल्याने कळलं नाही. कातळावरून तिचा आवाज परत आला. होडीत जनूदादा हसत होता. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. माझी मुलगी शाबूत होती, भांडत होती. मग हीच आमची रीत झाली. दर खेपेला मी एक कपडा बोहारणीला द्यायची आणि ती पाण्यातून माझा उद्धार करायची. जीन्स अर्थातच कपाटात सुरक्षित होती.

जनूदादाने माघ संपता संपता चाचणी ठेवली. अंधारात उतरायचं आणि ऊन माथ्यावर येईपर्यंत बाहेर यायचं नाही. जमलं, तर तिकडच्या येत्या उन्हाळ्यात इंग्लिश खाडी पोहण्यासाठी तो तिचं नाव पुढे करणार, नाही तर आणखी एक वर्ष. ऋतुजाने त्यासाठी नोकरीतली बढती नाकारली होती, कारण बढती म्हणजे बदली. तिच्या बाबांनी मार्केटमध्ये सगळ्यांना सांगून टाकलं होतं की पोरगी चालली.

त्या दिवशी सगळं छान चाललं होतं, आणि छान चाललेलं मला बघवत नाही. ऊन कातळावरून निम्मं उतरलं होतं. बोटं जराशी फाकल्यासारखी वाटली, पण चकाकीमुळे खात्री होईना. मी बाटली फेकली आणि म्हटलं, "ऋतू, तुझं ते मरून रंगाचं जॅकेट दिलं गं बोहारणीला. डबा घेतला मोठा."

ती पेज प्यायली. माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "बरं केलंस."

ते जॅकेट तिने पहिल्या पगारातून घेतलेलं. मी शिट्टी मारली.

जनूदादा शब्दाला जागला. त्याने काही न विचारता तिला होडीत ओढून घेतलं. ती रडत होती, म्हणत होती, "मी ठीक होते, दादा, मी एकदम ठीक होते." बाहेर काढल्यावर ती थरथरत होती, पण बाहेर काढल्यावर सगळेच थरथरतात. तो काही पुरावा नाही. घरी आल्यावर तिचे बाबा संसारात पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले, "पोरगी हसली म्हनून भाईर काढलीस? हसनं काय आजार हाय का?" जॅकेट कपाटातून काढून मी तिच्या पलंगावर ठेवलं. तिने ते बाजूला सरकवलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मग बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. एका संध्याकाळी आम्ही मटार सोलत बसलो होतो, हंगामातला शेवटचा, जून झालेला. ती शेंग सोलता सोलता म्हणाली, "आई, एक सांगू? त्या दिवशी मी ठरवून उतरले होते की तुझ्याशी भांडायचं नाही. सगळी थंडी तू त्या दगडावर बसून काढलीस. म्हटलं, जॅकेट तर जॅकेट. तुला डबा आवडला असेल तर असू दे."

मी शेंगा सोलत राहिले. मला फार वाईट वाटलं. माझ्या लेकीने एकदा माझ्याशी नीट बोलायचं ठरवलं आणि मी तिला पाण्यातून बाहेर ओढलं. पण त्याच वेळी मनाचा दुसरा कोपरा म्हणत होता की ही हे आता म्हणतेय. त्या दिवशी तिच्या डोक्यात खरंच हे होतं, की मागाहून जुळवलं? तिला तरी ते नक्की माहीत असेल का? गारठलेल्या डोक्याला आपण शहाणपणाने वागतोय असंच वाटत असणार. मटाराच्या दाण्यातली अळी तेवढी शोधून बाजूला काढली.

हे कोडं मला उन्हाळाभर पुरलं. कचेरीत एखाद्याचा सगळा अर्ज बिनचूक असला की पूर्वी मी तो पुन्हा तपासायची. आता बिनचूक कागद हातात आला की मरून जॅकेट आठवायचं आणि मी क्षणभर थांबायची. थांबून पुन्हा तपासायचीच, पण पूर्वीसारखी मजा येत नव्हती. शिट्टी मारली नसती तर काय झालं असतं, हे कळायला काही मार्ग नाही. माझ्यासारख्या बाईला यापेक्षा मोठी शिक्षा नसेल.

मला वाटलं होतं, यंदा काठावर बसायला ती दुसऱ्या कोणाला तरी बोलावेल. तेलाची बाटली गोठली त्याच आठवड्यात तिने शिट्टी माझ्या उशाशी आणून ठेवली. मी विचारलं, "मीच का?" तर म्हणाली, "बाबा मला बुडेपर्यंत शाबास म्हणत बसतील."

यंदा ती भांडते. काय भांडते! मी बोहारणीचा ब उच्चारला की पाणी कापत येते आणि शेलक्या शब्दांत माझी हजेरी घेते. जनूदादा खूश आहे. मी नाही. कारण भांडलं की आई पोहू देते, हे तिला आता ठाऊक आहे. गेल्या वर्षी पत्ता पाठ केला, यंदा भांडण पाठ केलं असेल. गच्चीवरच्या पिंपातून तिचं पुटपुटणं ऐकू आलं की मी जिन्यात कान देऊन उभी राहते. सावंतकाकू खालून विचारतात, "काय झालं?" मी म्हणते, "अजून काही नाही."

गेल्या रविवारी पुन्हा चाचणी होती. तीच अट, तसाच एक उन्हाळा टांगणीला. या खेपेला नाव पुढे गेलं नाही तर ती पुन्हा विचारणार नाही, हे तिने सांगितलं नव्हतं, पण मला दिसत होतं. ऊन कातळ उतरून पाण्याला टेकलं. माथ्यावर यायला अजून अवकाश होता. तिचे हात संथ झाले होते. बाटली भरायला आणलेला पेजेचा डबा निवत चालला म्हणून मी अंगावरची शाल त्याच्याभोवती गुंडाळली होती आणि गार वाऱ्यात नुसती साडीवर बसले होते. मी बाटली फेकली. ती आली, उताणी झाली. मी शब्द जुळवून ठेवले होते. "ऋतू, तुझी पांढरी ओढणी..."

तिने मला पुढे बोलू दिलं नाही. भांडलीही नाही, हसलीही नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी शिट्टी ओठांत धरली. जनूदादाने वल्ही उचलली.

"आई, शाल कुठेय तुझी?" ती म्हणाली.

मी शिट्टी बाजूला केली. "डब्याला गुंडाळलीय. पेज निवते."

"तुझे हात बघ कसे हलतायत."

"मला नाही गं थंडी वाजत."

"खोटं बोलू नकोस," ती म्हणाली. "इथून दिसतंय मला. शाल घे, नाहीतर दादाला सांगून तुलाच घरी पाठवते."

हे पाठ करता येत नाही. मी तपासलं, उलटसुलट करून तपासलं, उजेडाला धरून पाहिलं. त्यात मला काही सापडलं नाही.

तिने बाटली माझ्या दिशेने ढकलली आणि वळून पोहू लागली. जनूदादा होडीतून माझ्याकडे बघत होता. मी हात हलवला, जाऊ दे म्हणून. शाल मात्र डब्यावरच राहू दिली. पेज अजून एकदा लागणार होती.